डाव्या खिशातले चिंचोके

बालवाडीच्या फाटकात निमाबेननी विचारलं,
"आजे एणे शुं सारुं कर्युं?"
आणि मी, दांडिया बाजारात जन्मलेला,
दोन्ही भाषांत कडकडून भांडू शकणारा माणूस,
एकाही भाषेत उत्तर देऊ शकलो नाही.

काय केलं नाही, ते सांगितलं असतं धडाधड:
दूध संपवलं नाही. केस विंचरू दिले नाहीत.
मोरीचा नळ बंद केला नाही.
ध्वनिलचा भोवरा तीन दिवस झाले, परत केला नाही.
निमाबेन काही बोलल्या नाहीत.
कुणाच्या तरी बुटाची नाडी बांधायला वाकल्या.

त्या रात्री रिफायनरीत, पाळीवर,
गेजसमोर टॉर्च धरून उभा असताना लक्षात आलं:
इथं काटा हिरव्यात असला तरी मी लिहितो,
दर तासाला, नोंदवहीत, सही करून:
सर्व ठीक.
घरी मात्र काटा लालमध्ये गेल्याशिवाय
माझं तोंडच उघडत नाही.

हेमांगी चिंच फोडून बरणीत भरत होती.
परातीतले पाच चिंचोके उचलले, डाव्या खिशात टाकले.
शाल्मलीचं काही चांगलं दिसलं की एक उजव्या खिशात,
एवढंच ठरवलं.
पहिल्या दिवशी संध्याकाळीही पाचही डावीकडेच.
चालताना इतके खुळखुळले
की जिन्यात जसुबेननी थांबवून विचारलं,
सुट्टे आहेत का, दहाचे?

दुसऱ्या दिवशी मी सैल सुटलो.
पाणी प्यायली, शाब्बास! चप्पल घातली, शाब्बास!
शिंकली तेव्हाही बहुतेक म्हणालो असेन.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
कमाटीबागेत फुगेवाला मागेच लागला
की पाहते तसं.
"बाबा, तू बघितलंच नाहीस. तू मोबाइलमध्ये होतास."
पाचही चिंचोके मुकाट डावीकडे.

सेवउसळीच्या गाडीवर तर्री सांडली.
फ्रॉकवर, बाकावर, माझ्या घड्याळावर.
माझा हात उठला होता, तोंडही उघडलं होतं,
आणि दिसलं की पावाच्या तुकड्यानं
ती केव्हाची बाक टिपते आहे, कोपऱ्यापासून.
"पुसतेयस तू," मी म्हणालो.
नुसतं तेवढंच, हवा सांगावी तसं.
ती ताठ बसली.
मग माझ्या ग्लासाखालचं ओलंही पुसलं,
जे तिनं सांडलंच नव्हतं.
एक, उजवीकडे.

गुरुवारी ती ध्वनिलला चावली.
मी ओरडलो. जिना दणाणला, जसुबेनचं दार उघडलं.
खिशात काय आहे, नाही, आठवलंसुद्धा नाही.
नंतर दोघं गेलो माफी मागायला,
तिच्या मुठीत भोवरा, माझ्या मुठीत तिचा दुसरा हात,
घामेजलेला.
घाम कुणाचा, सांगता येणार नाही.

रविवारी रात्रपाळीला निघालो
तर माझे सेफ्टी शूज दारात होते.
पोलादी टाचेचे, मलाच जड होतात ते,
माळ्याखालच्या कपाटातून इथवर आलेले.
शेजारी शेजारी, टोकं दाराकडे,
आणि उलटसुलट:
डावा उजवीकडे, उजवा डावीकडे.

जिभेवर आलं होतं.
अगं, हे असे नसतात गं ठेवत.
साडेनऊची बस, खाली हॉर्न,
आणि दाराआडून एक डोळा.

मी गिळलं.
खाली बसलो, पाय आडवे टाकून
एकेक बूट आपापल्या पायात ओढून घेतला.
"इथपर्यंत आणलेस. दोन्ही. जड आहेत गं."

दाराआडून ती बाहेर आली.
"चारदा खाली ठेवले," ती म्हणाली,
"एकदा फ्रिजजवळ. तिथं मी त्यांच्यावर बसले."

बस चुकली.
उजव्या खिशात किती झाले
ते त्या रात्री मोजायचं राहिलं.