तिसऱ्या हाकेला

ग्युमरी. सकाळचे सात. उणे एकोणीस.
आधी स्टोव्ह पेटवते, मग हेअर ड्रायर हातात घेते.
केसांसाठी नव्हे. केस नोव्हेंबरपासून टोपीतच आहेत.

संगणकाच्या कुशीचा पत्रा
दोन वर्षांपूर्वीच काढून ठेवलाय.
तिथं गरम वारा धरते,
जिथं पाच कपॅसिटर टम्म फुगलेत
आणि एकाच्या बुडाशी तपकिरी डाग आहे,
चहा सांडून वाळावा तसा.

तीन मिनिटं. मग बटण.
पहिल्या हाकेला पंखा फिरतो, थांबतो.
दुसरीला तेवढंही नाही.
तिसऱ्या हाकेला ओ देतो,
आणि पलीकडे विणयंत्राच्या सुया
एकदम ताठ होतात, शाळेत बाई आल्यासारख्या.

वार्दगेस म्हणतो, बदल.
"शुशानिक, मातेरिंका गेली आहे.
तू रोज मेलेल्याला उठवतेस."
मदरबोर्डला इथं मातेरिंका म्हणतात,
आईचं लाडकं नाव असावं तसं,
आणि तो ते शिवीसारखं उच्चारतो.
नव्याचे अठ्ठावीस हजार द्राम. जोडणी फुकट.
"आणि हे?" मी विचारते.

हे म्हणजे विणयंत्राचं कार्ड.
वीतभर लांब, हिरवं, काळ्या खाचेत रुतलेलं.
त्या खाचेचे बोर्ड कुणी बनवत नाही आता.
नवा बोर्ड घ्यायचा तर कार्ड जातं,
कार्ड गेलं की यंत्र मुकं,
यंत्र मुकं की मी चार सुया घेऊन
खिडकीशी बसायचं, दिवसाला दीड जोड.
म्हणजे अठ्ठावीस हजार हा आकडाच खोटा.
खरा आकडा वार्दगेसलाही ठाऊक आहे.
तो खिडकीबाहेर बघतो.

येरेवानच्या जुन्या बाजारात तसाच एक बोर्ड दिसला होता,
माझा भाचा होव्हिक फोटो पाठवतो.
मी फोटो मोठा करते.
तिथंही तेच पाच. त्यातले तीन फुगलेले.
एकाच वर्षी जन्मलेले, एकाच रोगाचे.

"डाख देऊन कपॅसिटर बदलता येतील," वार्दगेस हळूच म्हणतो,
"सहाशे द्रामचा माल. पण पाटी जुनी,
तांब्याची वाट उचकटली की संपलं.
आणि हे बघ."
तो हात पुढे करतो.
रिकामी बशी धरावी तसे हात,
बशी नसताना खडखडणारे.

मी काही ठरवत नाही.
दिलिजानच्या दुकानाचे दोनशे जोड बाकी आहेत,
डाळिंबाच्या नक्षीचे,
आणि ठरवायला वेळ लागतो.

आज सकाळी ड्रायरच गेला.
निळी ठिणगी, जळक्या धुळीचा वास,
हातात नुसतं थंड नळकांडं.
मी हसले. खरंच हसले, एकटी.
कुणाला बदलायचं आधी?

मग कढईत जाड मीठ तापवलं,
लहानपणी कान दुखला की आई तापवायची तसं,
मापात चुकलेल्या एका मोज्यात भरलं,
तोंडाला दोन गाठी, तिसरी भीतीची,
आणि बोर्डाला न टेकवता
बोटभर अंतरावर धरून बसले.
त्यानंच विणलेला मोजा.
खोलीत लोकरीचा उबट वास.

दहा मिनिटं. बटण.
एक.
दोन.
तिसरी हाक मारायला बोट उचलेना.
ओ आली नाही तर
निर्णय माझा राहणार नव्हता,
आणि तेच मला नको होतं.

मी बटण सोडून फोन उचलला.
"वार्दगेस, तुझे हात
दिवसातून कधीतरी गप्प असतात का?"
बराच वेळ तो काही बोलला नाही.
मागे त्याच्या किटलीची शिट्टी.
"अकराच्या सुमारास," तो म्हणाला,
"अर्धा तास. रोज नाही."

"मग ये," म्हटलं. "रोज ये.
ज्या दिवशी गप्प असतील
त्या दिवशी एक कपॅसिटर."