डावीकडे जुनं, उजवीकडे सध्याचं

लिफ्टच्या कंट्रोल पॅनलच्या आत, उजव्या अंगाला
ॲल्युमिनियमची एक पट्टी असते, चार रिवेट मारलेली.
तिच्यावर कोरलेला असतो माहितीपुस्तिकेचा पत्ता.
पुस्तिका ऑनलाइन. पट्टी मात्र एकदा बसली की बसली.
पुस्तिका मी लिहिते, अंधेरीत, सातव्या मजल्यावर.
आमच्या इमारतीची लिफ्ट दुसऱ्या कंपनीची आहे;
यावर आता कोणी हसत नाही.

पूर्वी पत्ता असा असायचा:
तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, आयडी, बरोबरचं चिन्ह,
मग नऊ आकडे.
देणाऱ्या मशीनला तो कळायचा.

इब्राहिम चौगुलेंचा फोन आला होता एकदा, डोंगरीहून,
टॉर्च दातांत धरून बोलावं तसा आवाज:
"बाई, शेवटचा सहा आहे का आठ? गंज चढलाय.
दोघं अडकलीत. त्यातल्या एक बाई डायलिसिसहून आल्यात."
म्हटलं, सहा करून बघा.
सहाला निघालं सरकत्या जिन्याचं तेलपाणी.
आठला निघालं: पान सापडले नाही.
होतं तिथंच. मधल्या काळात आम्ही
साइट आवरायला काढली होती.

त्यांनी ब्रेक हातानं सोडला, लिफ्ट इंचाइंचानं मजल्याला आणली,
पुस्तिकेविना, तीस वर्षांच्या मनगटावर.
मला एवढंच म्हणाले, "असू दे, बाई."
ते 'असू दे' अजून उतरलं नाही घशाखाली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं:
/लिफ्ट/मध्येच-थांबली/माणसं-आत-आहेत
निनाद म्हणाला, लांब होतंय.
मोठ्यानं वाच, म्हटलं. वाचलं त्यानं.
आता एक अक्षर झाकून वाच.
'थां'वर बोट ठेवून त्यानं पुन्हा वाचलं,
आणि बोट तिथंच राहिलं जरा वेळ.
वर्ष घातलं नाही. आवृत्ती नाही. खात्याचं नाव नाही,
कारण खातं मार्चमध्येच दुसऱ्या खात्यात विरघळलं.
साहेबांचं तर नाहीच नाही.

माझगावला बाबांच्या पाकिटांवर अजून येतं:
चंद्रिका टॉकीजच्या मागे.
टॉकीज पडून चौदा वर्षं झाली.
तिथं टाइल्सचं दुकान, वर जिम.
रस्त्याचं नावही दोनदा फिरलं.
पोस्टमन नार्वेकर निवृत्त होताना नव्या पोराला
पिशवीबरोबर एक वही देऊन गेले,
डाव्या रकान्यात जुनं, उजव्यात सध्याचं.
मी वेगळं काय करते?
माझ्या वहीत चारशे अकरा ओळी आहेत,
एकही खोडलेली नाही.

हर्डीकर दर तिमाहीला विचारतात,
या जुन्या पत्त्यांवर येतं तरी कोण?
खरं सांगायचं तर कोणी नाही.
त्या नऊ आकड्यांवर गेल्या वर्षभरात एक जण.
चोवीस ऑगस्ट, रात्री दोन सतरा, मोबाइलवरून.
डावीकडून आला, उजवीकडे पोचला,
मध्ये काही घडलं हे त्याला कळलंही नसेल.
चौथ्या पायरीपाशी अकरा मिनिटं थांबला.
मग पान बंद.

लिफ्ट हलली की नाही, नोंदीत येत नाही.
चौथी पायरी मीच लिहिली आहे, दोन ओळींची:
आतल्या माणसांशी बोलत राहा.
आपलं नाव सांगा.