शुक्रवारची पाटी

वेल्समधल्या या दगडखाणीच्या गावात पाटीला तोटा नाही.
छपरं पाट्यांची, कुंपणं पाट्यांची,
कबरीही त्याच निळसर काळ्या.
तरी जुन्या शाळेच्या दारावर टांगलेली एकच पाटी
गाव थांबून वाचतं,
शुक्रवारी, पाव घेऊन घरी जाताना.

शाळेत आता मुलं नाहीत. आत चाकं, रंग, भट्टी,
मागे मैदानावर वाफे.
पाटी टेग्वेन लिहिते. खडू तिच्या खिशातला,
बियांच्या पुडीशेजारचा.

भट्टी मंगळवारी तडकली. इडवालचे सहा वाडगे गेले.
सातवा वाकडा आहे, हवा असेल त्यानं न्यावा.
लीक तयार आहेत. लसूण अजून नाही.
चित्रांच्या वर्गासमोर बसायला माणूस हवा,
कपड्यांसकट. गेल्या वेळी गैरसमज झाला होता.
पूर्वेच्या वाफ्यातला भोपळा ज्यानं नेला
त्यानं निदान बी तरी परत आणावं.

पाऊस इथं तिरका येतो, दरीतून,
रविवारपर्यंत पाटी निम्मी पुसतो.
सोमवारी उरतं ते एवढंच:
इडवाल... वाकडा आहे... कपड्यांसकट न्यावा.
सगळे हसतात. इडवाल सोडून.

मार्चपासून अक्षरं वाढू लागली.
आधी वाटलं, बाईंना जोर आलाय.
मग बारा बातम्यांच्या नऊ झाल्या, नवाच्या पाच.
मेरेरिडला नातू झाला त्या आठवड्यात
पाटीवर नातू मावला, नाव मावलं नाही.
मेरेरिड बोलली नाही.
तिनं टेग्वेनला वाफ्यात पाहिलं होतं,
गाजराचं पान कुठलं आणि तण कुठलं
ते चोळून, नाकाशी नेऊन ठरवताना.

ही बातमी कुणी लिहिली नाही.
विचारलं ते फक्त रीमानं, नौरास बेकरीवाल्याच्या मुलीनं,
होम्सहून आली तेव्हा मांडीएवढी होती,
आता वेल्श बोलते आणि आडपडदा ठेवत नाही:
तुम्हाला दिसत नाही का?

दिसतं की. कडेकडेनं दिसतं.
मधोमध कुणीतरी अंगठा दाबून ठेवलाय.

रीमानं विचार केला.
मग मान वळवून बघा, म्हणाली, कोंबडीसारखं.

एप्रिलात खाणकामगारांचा क्लब मोडीत निघाला.
इडवालनं तिथलं बिलियर्डचं टेबल मागून घेतलं.
हिरवं कापड फाडलं, खाली पाटी होती,
याच डोंगराची, तीन तुकड्यांत,
शंभर वर्षं प्रकाश न पाहिलेली.
प्रत्येक तुकड्याला चार माणसं लागली,
पाचवा नुसता शिव्या देत होता.
भिंतीवर चढवून झाल्यावर इडवाल म्हणाला,
बरं झालं, क्लबात नुसती अडगळ झाली होती.
टेग्वेन म्हणाली, हो, असेल.
आणि तळहातानं कड चाचपत
या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली.

या शुक्रवारी, वीतभर अक्षरांत:
लसूण आला.
भट्टी पेटते, दार मात्र लाथेनं लावा.
भोपळ्याच्या अकरा बिया लिफाफ्यात मिळाल्या, नाव नाही.
मेरेरिडच्या नातवाचं नाव गेथिन.
कळवायला उशीर झाला.

खाली कोपऱ्यात, रीमाच्या हातची,
एक कोंबडी मान वळवून
एका डोळ्यानं
पाटी वाचते आहे.