तिसऱ्या आठवड्याआधी

हलच्या दवाखान्यात नर्स शिवॉन विचारते,
"मूळचे कुठले तुम्ही? आजी-आजोबा?"
असं विचारलं की एरवी मी जरा ताठ होतो.
आज ती म्हणते, गोळीसाठी विचारतेय.

ऋजुताला दोनदा आकडी आली. एकदा पोहताना.
चिठ्ठी तयार आहे, डॉक्टरांनी हाताखाली दाबून धरलेली:
आधी रक्त. काहींच्या रक्तात
पिढीजात एक खूण असते,
तिला ही गोळी सोसत नाही.

दहा दिवस थांबायचं.
गोदीवर धुकं, आणि मला दिसत राहतं केळीचं पान.

मिरज. मी नऊ वर्षांचा.
वसूआत्याला फिट्सच्या गोळ्या सुरू झाल्या
आणि तिसऱ्या आठवड्यात ओठ फुटले, डोळे चिकटले,
पाठीची कातडी चादरीबरोबर निघून आली.
मग तिला केळीच्या पानांवर निजवलं.
कुणी म्हणालं उष्णता, कुणी देवी.
करणीचं नाव निघालं ते तिच्या नणंदेवर.
गोळ्या मात्र शेवटपर्यंत वेळेवर दिल्या.
पाण्याचा पेला मीच न्यायचो.

फोन आला. "पॉझिटिव्ह," शिवॉन म्हणाली,
"काळजी नको, दुसरं औषध आहे."
दीड मिनिटात संपलं सगळं.

ऋजुता टोस्टला लोणी लावत होती.
"काय सापडलं माझ्यात?"
"वसूआत्या," मी म्हणालो.
तिला कळलं नाही. लोणी लावत राहिली.

मी जुनी वही काढली.
आत्याची नणंद आता ऐंशीची असेल.
तिकडे रात्र झाली असेल,
तरी नंबर फिरवला.