दार

मी वीज विकतो. खरं तर गोंगाट विकतो,
वीज त्याच्या पाठोपाठ येते.
देवळामागे, अक्रोडाखाली माझा जनरेटर;
एकशे चाळीस घरांच्या तारा
त्याच्या पोटातून निघालेल्या.
सरकारी दिवे जातात तेव्हा गाव माझं नाव घेतं.
बिलाच्या दिवशीही घेतं, वेगळ्या सुरात.

उपवासकाळात दर शुक्रवारी
किल्ल्या मुलाकडे देऊन
मी कादिशाच्या दरीत उतरतो.
आठशे बारा पायऱ्या,
त्यातल्या साठेक नुसत्या नावाला.
खाली कड्यात एक कोनाडा.
अबूना दूमित तिथे एकोणीस वर्षं राहिले,
एक घोंगडी, एक माठ
आणि एक दुखरी दाढ घेऊन,
जी त्यांनी शेवटपर्यंत कुणाला काढू दिली नाही.

'आपल्या खोलीत जा, दार लावून घे,'
प्रभूनं सांगितलंय.
इथे दारच नाही, मी एकदा म्हणालो.
दरीकडे पाठ कर, ते म्हणाले,
झालं दार.

तर मी पाठ करून बसतो.
समोर ओली भिंत, तिच्यावर मेणबत्त्यांची काजळी,
कुणीतरी नखानं कोरलेला वाकडा क्रूस.
मागे कुठेतरी वितळत्या बर्फाचं पाणी.
पण ते मला ऐकूच येत नाही.
पहिले दोन तास जनरेटर चालतो माझ्या कानांत,
डिझेलसकट, धुरासकट.
मी 'प्रभू येशू' म्हणतो आणि पुढचा शब्द
'फिल्टर बदलायला हवा' असा येतो.

अबूनांनी सांगून ठेवलं होतं:
तन्नूस, तीनदा उठावंसं वाटेल.
पहिल्यांदा भुकेनं. बस.
दुसऱ्यांदा कंटाळ्यानं. बस.
तिसऱ्यांदा एखाद्या चांगल्या कामासाठी.
तेव्हा तर खिळल्यासारखा बस.

भूक आली, गेली.
कंटाळा आला आणि पाय पसरून बसला,
सासुरवाडीहून आलेल्या पाहुण्यासारखा.
मग दुपार कलताना
जनरेटर बंद पडला कानांतला, एकाएकी,
आणि त्या शांततेत, वाटलं,
आता तो बोलेल.

नाव ऐकू आलं. हनेनेचं.
दोन महिन्यांची बाकी.
जानेवारीत मीच शिडी लावून
पकडीनं तिची तार तोडली होती.
खिडकीत उभी होती ती, शाल घेऊन.
काही बोलली नाही.
मी मात्र शिडीवरून
नियम सांगत होतो, नियम,
जणू सीनाय डोंगरावरून उतरलो होतो.

उठलोच होतो मी. पाय पायरीवर.
आत्ता वर जाऊन तार जोडली
तर रात्रीपर्यंत उजेड, आणि मला झोप.
झोप. हो, तेच हवं होतं मला.
परत फिरलो.
भिंतीकडे तोंड करून
अंधार पडेपर्यंत बसलो तिच्या अंधारात.
प्रार्थना सुचली नाही.
एवढंच कळलं की थंडी कशी चढते,
आधी बोटांना, मग गुडघ्यांना,
मग ज्याला आपण मन म्हणतो त्या कुठल्याशा जागी.

पाणी ऐकू आलं तेव्हा.
दिवसभर तिथेच होतं.

आठशे बारा पायऱ्या चढून
पकड आणि तारेचं वेटोळं खांद्यावर घेऊन
हनेनेच्या घरासमोर आलो
तर खिडकीत उजेड.
पलीकडच्या सार्कीसच्या बाल्कनीतून
एक पिवळी वायर, कपड्यांच्या दोरीवरून
चिमट्यांनी अडकवलेली,
तिच्या स्वयंपाकघरात गेलेली.
माझीच वीज, माझ्यावाचून.

दार वाजवलं. तिनं उघडलं.
आधी खांद्यावरची पकड पाहिली,
मग गुडघ्यांवरची काजळी.
'हीही तोडायला आलास?'

नाही, म्हणालो.
आणि पुढचं वाक्य
मला सापडेना; ते बहुधा
खालीच राहिलं होतं, भिंतीशी.

तिनं दार लावलं नाही.
मी पायरीवर उभा होतो.