पडद्याची गाठ

दस्तगीर शिकलगार टेपने मोजत नाही.
मेरूपासून घोडीपर्यंत सूत धरतो,
दुमडतो: अर्ध्यावर वरचा सा.
तीन पदर करतो, एक सोडून देतो: पंचम.
नखाने खूण, आणि तोंडातल्या तोंडात
एक दीड दीड, दोन दीड तीन,
तीन दीड साडेचार.

तीस वर्षं मी मिरजेत अपूर्णांक शिकवले.
दीडकी पुस्तकातून गेली तेव्हा
स्टाफरूममध्ये मीच म्हणालो होतो, सुटलो.
ती इथे येऊन राहिली होती,
उलट्या टांगलेल्या भोपळ्यांखाली, लाखेच्या वासात.
मला निवृत्तीनंतर कळलं.

एकदा त्याला गणित घातलं:
एकजण दीडपटीने बारा पायऱ्या चढला,
दुसरा दुपटीने सात,
तर दोघं एकाच सा वर भेटतील ना?
नाही भेटत.
एक एकशे अठ्ठावीसवर थांबतो,
दुसरा जातो एकशे तीसला पाव कमी, तिथवर.
त्याने कानस खाली ठेवली नाही.
"म्हाईत हाय, मास्तर.
वरचं तेवढं कुणाचंच नसतं."

परवा हॉस्पिटलात शिकणारा आयझॉलचा पोरगा
मान मोडलेली गिटार घेऊन आला.
दस्तगीरने पट्ट्यांवरून अंगठा फिरवला.
"ह्या ठोकल्यात. हलत न्हाईत की."
मी सांगितलं, त्यांनी ते वरचं
बारा घरांत सारखं वाटून टाकलं,
म्हणजे कुठल्याही घरातून निघा, वाट तीच.
"म्हंजे सगळ्यांनी थोडं थोडं खोटं बोलायचं?"
"किंवा थोडं थोडं सोसायचं."
तो हसला नाही. समोरच्या सतारीची
एक गाठ सैल केली,
कोमल गांधाराचा पडदा केसभर खाली घेतला.
"आमच्यात वाटणी न्हाई. ज्याची येळ आली,
त्याच्यासाठी बाकीच्यांनी सरकायचं."

(मला आठवलं जंक्शन:
तीन मापांचे रूळ, एकाचा डबा दुसऱ्यावर चालायचा नाही.
वडील फलाटावर पोती मोजत,
हमाल या गाडीतली त्या गाडीत टाकत.
रोज चार-दोन किलो ज्वारी
मधल्या मधे सांडायची,
चिमण्यांनी तिचा कधी हिशेब दिला नाही.)

आठ दिवसांनी पोरगा आला. मान जुळली होती,
जोड बोटालाही लागत नव्हता.
उभ्या उभ्याच त्याने छेडलं काही,
त्याच्या डोंगरातलं असावं, किंवा चर्चमधलं.
भिंतीवरच्या सतारींच्या तरफा
पंचमाला गुणगुणल्या.
गांधाराला गप्प.
पुन्हा पंचमाला, थोड्या जास्तच.
शाहिस्ता, दस्तगीरची लेक, मोबाईल धरून होती.
सुई हिरव्यात होती. "बरोबर दाखवतंय, अब्बा."
"दाखवू दे."

मग कागदाच्या कपट्यावर बिल.
सरस, लाकूड, सहा तारा, चार दिवसांची मजुरी:
एकोणीसशे सदतीस.
पोरगा सुटे शोधत खिसे चाचपू लागला.
दस्तगीर दुसऱ्या भोपळ्याकडे वळला होता,
टिचकी मारून, कान लावून.
"एकोणीसशे द्या," म्हणाला.
"वरचं राहू दे."