प्रॉपर्टी

वडशाच्या ऑफिसवर पोस्टर लागतं.
नेपथ्य : डोमाजी निकुरे.
त्याखाली थेट छपाईवाल्याचा फोन नंबर.
मधे बोटभर कोरी जागा आहे,
तिथं मी असतो.

डोमाजी बिडीच्या कागदावर महाल काढतो.
पायऱ्या किती, हे मी बांबूला विचारून ठरवतो.
तलवारी तेलाच्या डब्यांच्या,
पातं कितीही घासलं तरी
मुठीजवळ ‘शुद्ध’ एवढं वाचता येतं.
रक्त म्हणजे हळद, चुना अन् गुळाचं पाणी.
कापलेला हात रद्दीचा, चिंचोक्याच्या खळीचा,
त्यात मेथीचं पीठ, म्हणजे उंदीर शिवत नाही.
बोटं माझ्याच डाव्या हाताच्या मापाची.
बाळ आधी नुसतं तणसाचं होतं,
नटी त्याला बाजाराच्या थैलीसारखं धरायची.
मी पोटात अर्धी पायली धान भरलं.
त्या रात्रीपासून ती त्याची मान सांभाळते.

कापणी झालेल्या बांधीत मंडप.
माती खोदून लोकांना बसायला खड्डा,
तीच माती वर रचून आमचा दरबार.
अकराला घंटा, पाचला खलनायक मरतो.
मी स्टेजवर जातो ते फक्त अंधारात,
खुर्ची उचलायला, टेलिफोन ठेवायला.
सतरा पावलं आहेत. डोळे मिटून सांगतो.

सोयरिकीला मुखरूजीनं विचारलं,
‘प्रॉपर्टी किती हाय?’
मी खरं तेच सांगितलं :
एक लोखंडी पेटी, दोन बारदानं,
नऊ तलवारी, दोन मुंडकी, एक पोर.
‘पोर?’
थोडा वेळ कोणीच पोहे खाल्ले नाहीत.
मग म्हातारा खोकला येईस्तोवर हसला
अन् रेवता दिली.

त्या साली नाटकात एक विधवा होती.
भिंतीवर मेलेल्या नवऱ्याचा फोटो पाहिजे.
डोमाजी म्हणाला, तुझाच लाव, फुकटात काम.
लाकडाच्या छिलप्यांचा हार मीच केला,
मीच माझ्या गळ्यात घातला.
साठ-सत्तर गावांत मी मेलो,
पोंभुर्ण्याकडं दोनदा, लोकाग्रहास्तव.

शंकरपटाच्या रात्री रेवता पाहायला आली.
पडदा उघडला. ती खड्ड्यात, मी भिंतीवर.
सकाळी काळ्या चहाची कपबशी समोर ठेवून म्हणाली,
‘ते बाई रोज एवढीच रडते काय?’
मी म्हटलं, पेमेंट झालं नाही त्या दिवशी जास्त रडते.
ती हसली नाही.
तिनं चुलीत फुंकर घातली, अन् बराच वेळ घालत राहिली.

पुढच्या दिवाळीला पेटी उघडली
तर फ्रेममध्ये मुखरूजी.
पावसाळ्यात गेला होता, दोन दिवसांच्या तापानं.
पांढरी टोपी, एक डोळा बारीक,
जणू फोटोग्राफरला भाव विचारतो आहे.
रेवता पाठमोरी धान पाखडत होती.
‘बाबाले नाटकाचा लगित नाद होता,’ म्हणाली,
‘तिकिटाचे पैसे नसत, मंडपाच्या शिवणीतून पाये.
आता पाहू दे पुढून.’
पुढून म्हणजे लोकांकडं तोंड करून.
नाटक त्याच्या खाली, त्याला दिसणार नाही,
हे माझ्या तोंडापर्यंत आलं होतं.

डोमाजी म्हणाला, नवरा म्हातारा वाटते.
मी म्हटलं, मेल्यावर वय कोन पायते?
विधवेनं दोन प्रयोग कुरकुर केली,
तिसऱ्याला तिला त्याच्याकडं पाहून खरंच रडू आलं,
का ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

आता अंधारातल्या माझ्या सतरा पावलांत
दोन वाढली आहेत.
जाऊन काच बाहीनं पुसतो,
हार सरळ करतो,
पानाचा एक विडा फ्रेममागे खोचतो.
प्रयोग संपला की रेवताच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून
मुंडक्यांपासून लांब, पोराजवळ ठेवतो.

खिळा मात्र सैल आहे.
दुसऱ्या अंकात खलनायक दार आपटतो
तेव्हा सासरा हलतो.
परवा पुढच्या रांगेतून एक पोट्टा ओरडला,
मेलेला हसला ना बे!
डोमाजी म्हणतो, नवा खिळा ठोक.
ठोकतो म्हणतो मी,
हातोडी टेम्पोत राहिली.